आधी बसा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विद्यापीठाचे सन्माननीय कुलगुरू महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले कुलसचिव आणि निरनिराळ्या विभागांचे प्रमुख, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत आणि ज्या मघापासून घड्याळाकडे बघत आहेत त्या आमच्या मॅडम, समोर बसलेले माझे सहकारी, शिबिराचे आजी-माजी विद्यार्थी, त्यांना एके काळी इथे बळेच पाठवणारे पालक, आणि शेवटच्या रांगेमागे उभे राहून फराळाच्या दाराकडे लक्ष ठेवून असलेले जाणकार रसिकहो,

मी वाणिज्य शाखेचा माणूस आहे. माझ्याकडून अलंकारिक भाषणाची अपेक्षा कुणीच ठेवणार नाही, या एकाच आधारावर मी इथे निर्धास्त उभा आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी मॅडमना दीपस्तंभ म्हटलं, वटवृक्ष म्हटलं, अखंड वाहणारा झरा म्हटलं. दीपस्तंभ, वटवृक्ष आणि झरा एकाच जागी कसे नांदतात, हा प्रश्न मी भूगोल विभागाकडे सोपवतो. मी फक्त नोंद घेण्यापुरतं सांगतो, की मॅडम शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, आणि आपल्या विद्यापीठाचं उन्हाळी शिबिर पहिल्या वर्षापासून आजपर्यंत त्यांनीच चालवलं. पंधरा ते अठरा वर्षांची मुलं सुट्टीत तीन आठवडे इथे राहायला येतात. डॉक्टर व्हावं, वकील व्हावं, इंजिनिअर व्हावं, की आणखी काही, हे आमच्या प्रयोगशाळांत आणि वर्गांत चाचपून बघतात, आणि वसतिगृहाच्या भिंतींवर आपली नावं लिहून घरी जातात. एवढंच ते शिबिर.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा करतो, कारण नंतर घोळ नको. मघाशी चहाच्या वेळी अध्यक्ष महोदयांनी मला खांद्याला धरून खिडकीपाशी नेलं. म्हणाले, "तुमच्या भाषणानंतर माझं आहे. त्यात मला शिबिराबद्दल एक घोषणा करायची आहे. तुम्ही आधी जरा वातावरण तयार करा." घोषणा कोणती, तेही त्यांनी विश्वासात घेऊन सांगितलं. मी विचारलं, "मॅडमना ठाऊक आहे?" ते म्हणाले, "छे छे. त्यांना सरप्राइज आहे."

तर मंडळी, परिस्थिती अशी आहे. एक बातमी आहे. ती मला ठाऊक आहे, मॅडमना नाही. ती ऐकून मॅडमना आनंद होईल असं या सभागृहात फक्त एका गृहस्थांना वाटतं, आणि त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. मी वातावरण तयार करायला उभा आहे.

मॅडम, माझ्याकडे असं बघू नका. येतो मी तिथे. आधी वातावरण.

शिबिराच्या पहिल्या वर्षी मी लेखापरीक्षणाचा वर्ग उघडला होता. फळ्यावर सुवाच्य अक्षरात विषय लिहिला, खडू टोकदार करून ठेवले आणि वाट बघत बसलो. तीन मुलं आली. त्यातला एक स्वच्छतागृह शोधत होता. उरलेल्या दोघांना मी एकाच तासात झोप आणली. मॅडम फेरी मारायला आल्या, त्यांनी रिकाम्या बाकांकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचा चेहरा फार उपयोगी आहे हो."

मी संकोचून आभार मानले.

"तसा नव्हे," मॅडम म्हणाल्या. "वाईट बातमी ऐकायला उपयोगी आहे. चला माझ्याबरोबर."

आणि त्या दिवसापासून, सभ्य स्त्री-पुरुषहो, लेखापरीक्षणाचा हा अभ्यासक दरवर्षी उन्हाळ्यात एका रबरी माणसाचा धाकटा भाऊ होऊ लागला.

ज्यांनी तो रबरी माणूस पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वैद्यकीय विभागाच्या तळमजल्यावर एका खोलीत पलंगावर एक पुतळा झोपलेला असतो. तो श्वास घेतो, खोकतो, पापण्या मिटतो, त्याची नाडी लागते. शेजारच्या खोलीत काचेमागे बसून आमचे तंत्रज्ञ कळा दाबतात आणि त्याला हवा तो आजार देतात. मुलांनी या तंत्रज्ञांचं नाव यमराज ठेवलं. माणूस इतका मवाळ आहे, की घरातली झुरळं वहीच्या पानावर घेऊन बाहेर सोडतो; पण नाव पडलं ते पडलं. पुतळ्याला मात्र नाव नव्हतं. मी त्याचा धाकटा भाऊ, म्हणून तो दादा झाला. मॅडमनी त्याच्या डोळ्यांवर एक जाड काळ्या काड्यांचा चष्मा चढवला. ग्रंथालयात कुणीतरी विसरलेला होता, कुणी न्यायला आलं नव्हतं. मी म्हटलं, "मॅडम, रबराला चष्मा कशाला?" त्या म्हणाल्या, "चष्मा घातला की तो कुणाचा तरी होतो."

मुलांना त्या खोलीत सोडायचं. दादाला झटका यायचा. यंत्रं किंचाळायची. मुलं त्याच्या छातीवर दाब द्यायची, एकमेकांवर ओरडायची, शिकवलेलं सगळं करायची. आणि दादा मरायचा.

नियमच तसा होता. मुलांनी काहीही केलं, कितीही बरोबर केलं, तरी दादा मरायचा. मुलांना हे ठाऊक नसायचं. यमराजांचा जीव तुटायचा. काचेमागून गयावया करायचे, "मॅडम, या तुकडीने सगळं बिनचूक केलंय हो. एकदा वाचवू का?"

"नाही."

"एकदाच. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल. मारा."

मग मॅडम खोलीत जायच्या, घामाघूम मुलांकडे बघायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "चांगलं काम केलंत. आता बाहेर बाकावर याचा धाकटा भाऊ बसला आहे. त्याला कुणीतरी जाऊन सांगा."

बाहेरच्या बाकावर, हातात एक पिशवी घेऊन, या उपयोगी चेहऱ्यानिशी मी बसलेलो असायचो.

हा छळ कशासाठी, असं नव्या मंडळींना वाटेल. मलाही वाटलं होतं. मॅडमचं म्हणणं असं: घर घेताना सगळे दिवाणखाना बघतात, मी मोरी दाखवते. धंदा निवडणारं पोर त्यातला चांगला दिवस बघून भाळतं. बरा झालेला रोगी, जिंकलेला खटला, उद्घाटन झालेला पूल. त्याला वाईट दिवस दाखवा. तो बघूनही जो दुसऱ्या सकाळी परत येईल, तो त्या कामाचा. म्हणून आमच्या शिबिरात प्रत्येक विभागाचा एक वाईट दिवस असतो. विधी विभागातली मुलं जिवाच्या आकांताने युक्तिवाद करतात आणि हरतात. पत्रकारितेची मुलं दोन दिवस खपून बातमी आणतात आणि छपाईच्या तोंडावर त्या जागी फ्रिजची जाहिरात जाते. वास्तुकलेच्या मुलांनी सुंदर आराखडा काढला, की घरमालक झालेले आमचे ग्रंथपाल त्यावर पेन्सिल टेकवून म्हणतात, "छान आहे, पण संडास मधोमध पाहिजे." आणि माझ्या वर्गात ताळेबंद जुळत नाही. जुळणारच नाही अशी चोख व्यवस्था मी करतो, आणि त्यापासून मला जो आनंद मिळतो तो चारचौघांत सांगण्याजोगा नाही.

पण सगळ्यांत वाईट दिवस दादाचा. कारण दादा जाणं सोपं होतं. सांगणं कठीण होतं.

मंडळी, मी माझ्या थोरल्या भावाच्या मृत्यूची बातमी इतक्या प्रकारे ऐकली आहे, की या विषयावर मला विद्यापीठाने मानद पदवी द्यायला हरकत नाही. माझा खरा थोरला भाऊ समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. तो हट्टाने जिवंत आहे आणि या सगळ्या प्रकाराबद्दल त्याचा माझ्यावर राग आहे. उन्हाळ्यात मी संध्याकाळी घरी गेलो की आमची मंडळी विचारायची, "आज किती वेळा गेले भावजी?" आणि पलीकडच्या खोलीतून तो ओरडायचा, "मी ऐकतोय!"

तर, कसं सांगायची मुलं? एक लांब टांगांचा मुलगा आला. "काका, पाणी?" म्हणाला. मी घेतलं. "अजून आणू?" आणलं. मग त्याने माझ्याशी उकाड्याबद्दल चर्चा केली, बाहेरच्या झाडाचं नाव विचारलं, वसतिगृहातल्या पंख्याची तक्रार केली, तिसरा पेला आणून दिला आणि निघून गेला. दादा गेल्याचं मला त्या दिवशी कळलंच नाही. पोटात नुसतं पाणी डचमळत होतं. दुसरा एक आला, अतिशय धीराने म्हणाला, "काका, तुमच्या भावाची प्रकृती आता स्थिर आहे." मी म्हटलं, "वा!" तो म्हणाला, "एकदम स्थिर. आता काही बदल व्हायचा नाही." तिसरा, ज्याने पुढे वकिली केली आणि उत्तम केली, त्याचं पहिलं वाक्य होतं, "सर्वप्रथम, यात आमचा काही दोष नाही, हे नमूद करतो." एका मुलीने माझा हात हातात घेतला, डोळे भरून माझ्याकडे पाहिलं, आणि घाईत तोंडातून निघून गेलं, "अभिनंदन." ती बिचारी अजून भेटली की रस्ता बदलते.

त्या पाणीवाल्या मुलाला मॅडमनी विचारलं होतं, "का रे, तीन पेले पाणी पाजलंस, पण सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "मॅडम, मी आधी वातावरण तयार करत होतो."

मॅडम म्हणाल्या, "ज्याचा भाऊ गेलाय त्याला वातावरण नको असतं रे. त्याला बातमी हवी असते. वातावरण तू तुझ्यासाठी करत होतास."

अध्यक्ष महोदय, हे वाक्य मॅडमचं आहे, माझं नव्हे. मी केवळ उद्धृत केलं.

आता एका मुलीची हकिगत सांगतो. ती शिबिरात आली तेव्हा सतरा वर्षांची असावी. वडील हृदयाचे मोठे शल्यचिकित्सक. इतके मोठे, की शिबिराच्या उद्घाटनाला आले ते भाषण करून, टाळ्या संपायच्या आत निघून गेले. मुलगी डॉक्टर होणार हे तिच्या जन्माआधीच ठरलेलं; शिबिरात तिला नुसता शिक्का मारून घ्यायला पाठवलं होतं. वर्गात हुशार, हात स्थिर. दादाच्या खोलीत तिच्या तुकडीने असं काम केलं, की यमराज काचेमागे हात जोडून उभे राहिले. दादा मेला. सांगायला तीच बाहेर आली.

माझ्यासमोर उभी राहिली आणि हसून म्हणाली, "काका, दादा बरे आहेत. झोपलेत."

आता मॅडमचा माझ्यासाठीही एक नियम होता. मुलं जे सांगतील त्यावर मी विश्वास ठेवायचा. बाकावर बसलेला माणूस दुसरं काय करणार? म्हणून मी म्हटलं, "देव पावला. मग घरी कधी नेऊ?"

"उद्या... उद्या बघू."

"भेटू का?"

"आत्ता नको. झोप मोडेल."

"बरं. त्याचा चष्मा तेवढा द्या माझ्याकडे. जागा झाला की आधी तोच शोधेल. चष्म्याशिवाय घाबरतो तो."

हा चष्म्याचा प्रश्न मॅडमनीच मला शिकवून ठेवलेला. त्या म्हणायच्या, बातमी कळलेला माणूस मोठे प्रश्न विचारत नाही. त्याचा चष्मा कुठाय, चपला कुठायत, सकाळी काही खाल्लं होतं का, असंच काहीतरी विचारतो. आणि तिथे भलेभले कोसळतात.

ती आत गेली. चष्मा घेऊन आली. माझ्या हातात ठेवला, पण सोडला नाही. एक काडी तिच्या हातात, एक माझ्या. मग ती बाकावर माझ्या शेजारी बसली. तोपर्यंत एकही मूल बसलं नव्हतं. सगळे उभ्याउभ्या सांगून पळायचे. ती बसली आणि म्हणाली, "काका, मी खोटं बोलले. दादा गेले."

"गेले म्हणजे?"

"मेले."

मग ती उठली नाही. नुसती बसून राहिली. घंटा झाली, पुढची तुकडी आत गेली, त्यांचाही दादा मेला, त्यांचा मुलगा सांगायला बाहेर आला, तरी ती तिथेच. तो मुलगा घसा खाकरून उभा राहिला तशी ही त्याच्यावर खेकसली, "आधी बस!"

मॅडम दारातून बघत होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं: आधी बसा. नेमका शब्द वापरा. मग उठू नका. लोकांना वाटतं ही मॅडमची शिकवण आहे. मॅडम स्वतः प्रत्येक वर्षी सांगायच्या, की ही त्या मुलीची आहे. "मी फक्त खडू धरला," म्हणायच्या.

पण गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरसाहेब आले. गाडीचं दार त्यांनी कसं आपटलं ते वाणिज्य विभागात ऐकू आलं.

"तुम्ही माझ्या मुलीला काल काय केलंत? रात्री वसतिगृहातून फोन, जेवली नाही म्हणे. मला विचारते, बाबा, तुम्ही लोकांना कसं सांगता?"

मॅडम म्हणाल्या, "मग? कसं सांगता?"

"म्हणजे? कामाचा भाग आहे तो. सांगतो."

"दाखवा की."

"मला वेळ नाही या पोरखेळाला."

"मग लवकर आटपेल," मॅडम म्हणाल्या, आणि मला डोळ्यांनी खूण केली. मी पिशवी घेऊन बाकावर बसलो.

डॉक्टर माझ्यासमोर आले. दोन पावलं दूर उभे राहिले. एक नजर माझ्या डोक्यावरून भिंतीकडे. "आम्ही सर्वतोपरी प्रयत्न केले. दुर्दैवाने यश आलं नाही. पुढच्या गोष्टी खालच्या खिडकीवर सांगतील." आणि ते वळले. वाक्यरचना निर्दोष होती, एवढं मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

मागून आवाज आला, "बाबा, आधी बसा."

"मला वेळ नाही, सांगितलं ना."

"काकांनाही नाहीये. त्यांचा भाऊ गेलाय."

डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बसले. बाकाच्या अगदी कडेला, उठायला सोयीचं पडेल असे. माझं काम मला ठाऊक होतं. मी विचारलं, "त्याचा चष्मा कुठाय?"

आणि शहरातल्या त्या अग्रगण्य शल्यचिकित्सकांनी, काहीच न सुचून, स्वतःच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून माझ्या हातात दिला.

मग ते उठले, गाडीपर्यंत गेले, आणि परत आले, कारण चष्म्याशिवाय त्यांना गाडीचं कुलूप दिसेना.

यानंतर त्यांचं हृदयपरिवर्तन झालं, असं सांगायला मला आवडलं असतं. हृदय त्यांचाच विषय. तसं काही झालं नाही. त्यांनी विद्यापीठाकडे रीतसर तक्रार केली: "सदर प्रात्यक्षिकात रुग्ण वाचण्याची कोणतीही सोय नाही." मुलगी मात्र डॉक्टर झाली नाही. ती आता हवामान विभागात आहे. म्हणते, "सर, वाईट बातमी सांगायची सवय होती, सोडवेना." मागे, शेवटून दुसऱ्या रांगेत बसली आहे. उभी राहू नकोस, ओळखतात तुला सगळे. तू उद्या पाऊस नाही म्हणालीस की आम्ही छत्री घेतो.

त्या तक्रारीपासून मात्र आमच्या वरिष्ठांना दादाची टोचणी लागली. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, दादा एखाद्या वेळी जगला तर काय बिघडेल? माहितीपत्रकात किती चांगलं दिसेल! एका वर्षी तर छापूनही आलं, "यशाचा शंभर टक्के अनुभव." मॅडमनी त्या कागदाची होडी करून यमराजांच्या टेबलावर ठेवली. आणि मग गेल्या महिन्यात आम्हा सर्वांना एक चाचणी पाठवण्यात आली. घरबसल्या द्यायची, संगणकावर. मूल काही प्रश्नांची उत्तरं देतं, आणि संगणक त्याला तीन व्यवसाय सुचवतो, रंगीत प्रमाणपत्रासकट. "केवळ पूरक म्हणून," असं त्यासोबत कळवलं होतं. कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही, म्हणून मी ती स्वतः दिली. उत्तरं अत्यंत काटेकोर दिली. मला नृत्य, पशुवैद्यक आणि अंतराळसंशोधन हे तीन मार्ग सुचवण्यात आले. आमच्या मंडळींनी प्रमाणपत्र फ्रिजवर लावलं आहे.

मॅडमनीही ती दिली होती. त्यांना संगणकाने विचारलं, "लोकांना मदत करायला तुम्हाला आवडतं का?" मॅडमनी लिहिलं, "कोणत्या लोकांना?" चाचणी तिथेच अडकली.

असो. मॅडमच्या सहवासातल्या आठवणी अगणित आहेत. त्यांचा वक्तशीरपणा. त्यांचं अक्षर. वैद्यकीय विभागामागे त्यांनी लावलेली झाडं आज किती छान... आणि झाडांवरून आठवलं, या सभागृहाचे पंखेसुद्धा मॅडमनी पाठपुरावा करूनच... यंदा उकाडा तरी किती आहे, नाही का? मी पुन्हा जरा पाणी घेतो.

कोण बोललं?

पुन्हा बोल. मोठ्याने.

आमची हवामानवाली म्हणते आहे, "सर, आधी बसा."

खरं आहे. ऐकलंत, मॅडम? दोन पेले झाले माझे. तिसराही भरून ठेवला होता. मी हुबेहूब तेच केलं. झाडं, पंखे, उकाडा, सगळं. इतकी वर्षं बाकावर बसून हसलो त्या पोराला, आणि आज कळलं की त्या बाकावरून बातमी ऐकणं पुष्कळ सोपं होतं.

कुलसचिव महोदय, आपली खुर्ची मला मिळेल का? आभारी आहे. माईकची दोरी जरा सैल सोडा. मी मॅडमच्या शेजारी बसतो आहे. अध्यक्ष महोदय, क्षमा असावी. आपण मला वातावरण तयार करायला सांगितलं होतं, मला ते जमलेलं नाही. आपण थोड्या वेळाने हीच गोष्ट "नवं स्वरूप" आणि "घरोघरी शिबिर" या शब्दांत सांगणार आहात. शब्द चांगले आहेत. पण नेमके नाहीत.

मॅडम, शिबिर बंद झालं.

पुढच्या उन्हाळ्यात होणार नाही. त्यानंतरही होणार नाही. त्याच्या जागी ती चाचणी आहे. दादाची खोली रिकामी करायला सांगितली आहे.

नाही, टाळ्या नकोत. घोषणाही नकोत. मागच्या मंडळींनी कृपया बसून घ्यावं. जरा थांबू या.

मी इथेच आहे, मॅडम. सावकाश.

काय म्हणालात? माईक नको? बरं, मीच सांगतो. मॅडम विचारताहेत, "त्याचा चष्मा कुठाय?"

हा घ्या. चहानंतर मी यमराजांना बातमी सांगितली. दोघेही बाकावर बसलो होतो, नियमाप्रमाणे. ते तडक उठले. खाली जाऊन हा घेऊन आले. येण्यापूर्वी त्यांनी दादाचं काय केलं ते मी त्यांना विचारलं नव्हतं, पण त्यांनी आपणहून सांगितलं. म्हणाले, "सर, एकदा वाचवला. कुणी नव्हतं तिथे. म्हटलं, शेवटचं आहे, जगू दे." तर मॅडम, आपला नियम आज दुपारी मोडला गेला आहे. दादा या क्षणी तळमजल्यावर व्यवस्थित श्वास घेतो आहे. यमराजांवर काय कारवाई करायची ते आपण ठरवा. ते काचेमागे नसल्यामुळे आज लपायला त्यांना जागा नाही.

मॅडम हसल्या. मागच्यांना दिसलं नसेल, म्हणून सांगतो. आणि आता त्यांनी तो चष्मा घातला आहे. म्हणतात, याच्यातून समोरचं काहीच दिसत नाही. चांगलं आहे, मॅडम, ठेवा तसाच. यानंतर अध्यक्षीय भाषण आहे.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलू दिलंत, यासाठी, आणि अजून बोलू देत आहात, यासाठी विशेष आभार. खुर्ची दिल्याबद्दल कुलसचिवांचे, जे या वेळी उभे आहेत. शिबिरातल्या सर्व मुलांचे, ज्यांनी मला इतक्या वेळा पोरका करून इतकं शिकवलं. मागून हाक मारणाऱ्या मुलीचे. माझ्या थोरल्या भावाचे, जो या क्षणी रुमाल शोधतो आहे. तुझ्या डाव्या खिशात आहे बघ. आमच्या शाखेत प्रत्येक बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चूकभूल देणे घेणे. माझ्या बोलण्यात कुणाचा अवमान झाला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, शिष्टाचाराचा कानामात्रा इकडचा तिकडे झाला असेल, तर तो याच खात्यावर टाकावा ही नम्र विनंती.

आता वक्त्याने आपल्या जागी परत जायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण फळ्यावर तिसरी ओळही होती. तेव्हा माईक इथून न्यावा. मी उठणार नाही.